दारामागचा पिवळा

स्टुडिओच्या मालकांचा फोन आला तेव्हा मी भाजी चिरत होते. "ताई," ते म्हणाले, "नवरा-नवरी दोघांनाही कावीळ झालेली दिसतेय. पाहुणेही त्यातलेच. अख्ख्या लग्नाला एकदम कावीळ कशी होईल?"

मी फोटोंचे रंग नीट करते. दिव्याखाली कोणाचा चेहरा शेंदरी झालेला असतो, कोणाचा पांढरा शर्ट निळा पडलेला असतो, ते सगळं कॉम्प्युटरवर जागच्या जागी आणून ठेवायचं, हे माझं काम. इतकी वर्षं करतेय की समोर कोणीही आलं तरी मला आधी रंग दिसतो आणि मग माणूस. त्यामुळे कावीळ म्हटल्यावर माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तुमचं छापायचं मशीन बिघडलं असेल, म्हणाले मी. मशीन ठणठणीत आहे, म्हणाले ते. आणि मग, मुळात सभ्य माणूस असल्यामुळे, बराच घसा खाकरून म्हणाले, की पुढचा अल्बमही असाच आला तर नाइलाजानं दुसरं कोणीतरी बघावं लागेल.

फोटो घरी मागवले. खोलीत बसून पाहिले तर एकदम झकास. तेच हातात घेऊन स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले आणि कपाळाला हात लावला. नवरी हळकुंडासारखी पिवळी. परत खोलीत गेले, नवरी ठीक. स्वयंपाकघरात आले, नवरी आजारी. चार-पाच फेऱ्या झाल्यावर डोक्यात प्रकाश पडला. दोष नवरीत नव्हता, मशीनमध्येही नव्हता. भिंतीत होता.

स्टुडिओतली माझी जागा मोडली तेव्हापासून मी घरून काम करत होते, आणि घरात रिकामी खोली एकच होती, लेकीची. ती नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली होती. तिची खोली पिवळीधमक. चारही भिंती पिवळ्या असल्या की डोळ्याला पिवळ्याची सवय होते, मग त्याला जे नीट आहे ते निळसर वाटायला लागतं, आणि हात आपोआप त्यात पिवळा मिसळत जातो. रंगात आयुष्य काढलेल्या बाईला हे कळायला एका लग्नाचा बळी द्यावा लागला, याची मला आजही लाज वाटते.

उपाय साधा होता. खोली राखाडी करायची. मधला, मुका राखाडी, ज्यात निळा नाही, हिरवा नाही, काही नाही. आमच्या धंद्यातली माणसं अशाच खोल्यांत बसतात.

घोडं अडलं ते नवरोबांपाशी.

नवरोबा शाळेत गणित शिकवतात. उघड नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नाही. ते म्हणाले, "राखाडीच का? पर्याय बघू ना." दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना शेड कार्ड घेऊन आले. पिस्ता, बदामी, आकाशी. प्रत्येक रंगाला त्यांनी दहापैकी गुण दिले होते. मी म्हटलं, अहो, मला रंग नको आहे, रंग नसणं हवं आहे. त्यावर ते विचारात पडले आणि तिसऱ्या दिवशी दुसऱ्या कंपनीचं शेड कार्ड घेऊन आले. नुसत्या राखाडीच्याच इतक्या छटा, की बघून माझंच डोकं चालेना. आम्ही भिंतीवर छोटे छोटे चौकोन रंगवून पाहिले. हा जरा थंड आहे, तो जरा उदास आहे, सकाळच्या उजेडात बघू, ढग आले की बघू. इकडे पुढचा अल्बम येऊन पडला होता आणि मी तो जेवणाच्या टेबलावर कसाबसा रेटत होते.

मग एका संध्याकाळी मी त्यांना त्या खोलीत एकटं उभं असलेलं पाहिलं. हातात शेड कार्ड होतं, पण नजर चौकोनांवर नव्हती. दाराशेजारच्या भिंतीवर रंगाचा एक जाड ओघळ वाळलेला होता, त्यावरून ते बोट फिरवत होते. लेक शाळेत असताना दोघांनी मिळून ही खोली रंगवली होती. पेंटर बोलवायचा नाही असा बापलेकीचा हट्ट. तो ओघळ तिचा. तेव्हा मला कळलं की यांना रंग निवडायचाच नाहीये. निवडत राहायचं आहे.

मला राग यायला हवा होता. आला नाही. कारण माझ्याही पोटात तेच होतं. लेकीला फोनवर विचारलं होतं, तुझ्या खोलीचा रंग बदलला तर चालेल का गं? एरवी एका दमात दहा वाक्यं बोलणारी पोरगी दोनच बोलली.

"करा की. मी कुठे असते आता तिथे?"

पिवळा ठेवला तर माझं काम जाणार होतं. काढला तर पोरीला वाटणार होतं, मी घराबाहेर पाऊल टाकायचीच वाट बघत होते हे दोघं. आणि यातलं काहीही तिला फोनवर सांगायला गेलं की ती म्हणणार, आई, उगाच काय गं.

शेवटी मीच पेंटरला बोलावलं. त्यानं राखाडी म्हटल्यावर तोंड वाकडं केलं. "ताई, राहत्या घरात हा रंग? लोक विचारतील, पेंटर कोण होता."

"नाव सांगणार नाही तुझं," मी म्हटलं. "तू मार."

काम सुरू असताना मला स्टुडिओत जावं लागलं, म्हणून लक्ष ठेवायला नवरोबा थांबले. मी परत आले तर खोली तयार होती. चारी बाजूंनी शांत राखाडी, खिडकीतून येणारा उजेड जसाच्या तसा. मला इतका आनंद झाला की पाच मिनिटं मी नुसती उभी राहिले. मग टेबल लावलं, कॉम्प्युटर जोडला आणि सवयीनं दार लावून घेतलं. नवरोबा बाहेर वह्या तपासतात आणि तपासताना चुकलेल्या मुलाला समोर बसवल्यासारखे मोठ्यानं रागावतात, त्यामुळे काम करताना दार बंदच असायचं.

स्क्रीनवर एक पिवळा पट्टा चमकत होता. वळून पाहिलं. दार उघडं असताना ज्या भिंतीला जाऊन टेकतं, तेवढी भिंत तशीच होती. पिवळीधमक, ओघळासकट.

"अहो! हे काय आहे?"

"रंग संपला," बाहेरून आवाज आला.

"अर्धा डबा गॅलरीत आहे."

ते दारात येऊन उभे राहिले, वर्गात पकडलेल्या पोरासारखे. "दार पूर्ण उघडं ठेवलंस ना, की अजिबात दिसत नाही. मी मोजून घेतलंय. दाराच्या आकाराएवढीच जागा सोडायला सांगितली त्याला."

मी खूप बोलले. माझं काम म्हणजे तुम्हाला पोरखेळ वाटतो का, इथपासून सुरुवात केली. तेवढी भिंत मी स्वतः रंगवते, उद्याच, असं बजावलं आणि तोवर म्हणून दार सताड उघडून काम करायला बसले.

उद्याचं परवा झालं. उघड्या दारातून वह्यांची तपासणी ऐकू यायची. "अरे गाढवा, वजा कुठे गेलं?" मी आतून म्हणायची, गाढव कोण ते बघू द्या. ते वही घेऊन आत यायचे, दोन मिनिटं बसायचे, स्क्रीनवरच्या अनोळखी लोकांकडे बघायचे. लेक गेल्यापासून हा माणूस बंद दाराबाहेर एकटाच बोलत बसला होता, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. अल्बम गेला. मालकांचा फोन आला, "ताई, रोगी बरे झाले." डबा गॅलरीतच राहिला.

आणि मग लेक सुट्टीवर आली.

दारातूनच तिनं आत डोकावून पाहिलं. दार उघडं, म्हणजे चारी भिंती राखाडी. "छान झालंय गं ऑफिस," ती म्हणाली. फार नीट म्हणाली, पाहुण्यांच्या घरी म्हणावं तसं. बॅग आत नेली नाही, सोफ्याशेजारी ठेवली. "मी इथेच झोपेन हॉलमध्ये. तुझं काम नको अडायला."

नवरोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. दारामागे काय आहे ते तिला सांगावं असं अगदी ओठांवर आलं होतं, पण सांगितलं असतं तर ते लहान मुलाची समजूत काढल्यासारखं झालं असतं. मी फक्त म्हटलं, "प्रवासानं दमलीयस. जेवून आत जरा पड. पलंग तोच आहे."

नको नको म्हणत ती गेली. थोड्या वेळानं बाहेर एक गाढव पुन्हा वजा विसरलं, नवरोबांचा आवाज चढला, आणि आतून तिनं दार लावून घेतलं.

आम्ही दोघंही थांबलो. आतून कसलाच आवाज नाही. पलंगाचाही नाही. तास उलटला तरी दार बंदच. मला संध्याकाळपर्यंत एक अल्बम पोहोचवायचा होता. पण खरं सांगायचं तर अल्बमचं निमित्त होतं. उठून दारावर टकटक केली.

शाळेत असताना तिचा नियम होता, दार वाजवल्याशिवाय कोणी आत यायचं नाही. घरात माणसं तीन, त्यातलं एक आत, तरी दरवेळी आतून दरडावून विचारायची.

"कोण?" आतून आवाज आला.

नवरोबांचं लाल पेन थांबलं.

"ऑफिस," मी म्हणाले.

आत ती हसली, की रडली, की दोन्ही, मला दाराबाहेरून सांगता येणार नाही. मग नाक ओढल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ, अगदी पूर्वीच्या तोऱ्यात, "ऑफिस आज बंद आहे. उद्या या."

नवरोबांनी वही मिटली आणि चष्मा पुसायला घेतला. मी गॅलरीत जाऊन मालकांना फोन लावला. म्हटलं, अल्बम उद्या देते, आज जमणार नाही. मुलगी आलीय घरी, तिच्या खोलीत आहे.