हेगमध्ये राहणारा पीकेरन

मित्रांनो, मी एक जुना डच शब्द आहे, जातीने क्रियापद. नाव पीकेरन. काळजी करत बसणे, हा माझा अर्थ. माझी गोष्ट ऐकण्यासारखी आहे की नाही, मला खात्री नाही. दमलोही आहे, म्हणून थोडक्यात सांगतो.

माझे मूळ अरबी. तिकडे मी फिक्र होतो. माझ्याच घराण्यातली फिकीर तुमच्या मराठीत राहते. मी मात्र मलाय भाषेत गेलो आणि पिकिर झालो. तिथे काम साधे होते, विचार करणे. जावातल्या डच लोकांनी मला उचलले, आपल्या भाषेचे शेपूट लावले आणि काळजीला जुंपले. मग बोटीने हॉलंडला नेले. तेव्हापासून सुट्टी नाही.

इंडोनेशिया स्वतंत्र झाल्यावर जावातली मिश्र डच कुटुंबे हॉलंडला आली. १९५५ साली हेगमधल्या एका बोर्डिंगात सरकारने अशी काही कुटुंबे ठेवली होती. एर्ना, तिची आई योसेफीन आणि तीन मुले एका खोलीत राहत. खोलीत भात शिजवायला बंदी. वेगळे घर हवे, तर सरकारी बाई येऊन तपासून जाई: पडदे डच, जेवण डच, बोली डच.

तपासणीच्या दिवशी एर्नाने तांदळाचा डबा पलंगाखाली ढकलला, टेबलावर बटाटे सोलून ठेवले आणि आईला बजावले, "माम, तू गप्प बसायचं. तुझ्या तोंडून एक मलाय शब्द निघाला, तर अजून वर्षभर इथेच सडू."

"बरं. खोकला आला तर डचमध्ये खोकू ना?" म्हातारी म्हणाली.

तपासणीच्या सरकारी बाई, टर्पस्ट्राबाई, आल्या. त्यांनी पडदे पाहिले, बटाटे पाहिले. तिकडचे शब्द आता तिकडेच सोडा, असे समजावले. एर्ना सोललेलेच बटाटे पुन्हा सोलत होती. ते पाहून बाई मऊ आवाजात म्हणाल्या, "अहो, उगाच पीकेरन करू नका."

म्हातारी हसली. एर्नाने डोळे वटारले, पण उशीर झाला होता.

"बाई, हा पीकेरन शब्द तर आमच्याकडचाच, मलाय," म्हातारी म्हणाली. " याला तुम्ही केव्हाच घर दिलंत. आता आमचंही बघा."

टर्पस्ट्राबाईंची पेन्सिल थांबली. त्यांना राग आला असावा, असे मला वाटले. पण माझे अंदाज बहुधा चुकतात. त्यांनी घराच्या अर्जावर एकच ओळ लिहिली: आजींचे डच उत्तम.

घर सात महिन्यांनी मिळाले. तोवर एर्नाने मला रोज राबवले.

मित्रांनो, दाराशी आलेल्या शब्दाला किंवा माणसाला परका म्हणण्याआधी आपल्या जिभेवर कोण कोण राहते, ते पाहा. आम्ही फार चालून आलेले असतो. आधी बसा म्हणा. नाव-गाव मग विचारा.