सात नंबरच्या चौकीचा शब्द

उगोयेचं पत्र आलं तेव्हा अन्यादिके मास्तर बत्तीस वर्षांचे होते. आज ते त्र्याहत्तरचे आहेत. मधल्या काळात त्यांनी तीन घरं बदलली, बायको गेली, शाळेच्या ग्रंथालयातून ते निवृत्त झाले. पत्र मात्र प्रत्येक घरात त्यांच्याबरोबर आलं, जाड शब्दकोशाच्या पानांत दबून. वहीतलं फाडलेलं एक पान, निळी शाई, अक्षर दुसऱ्याच कुणाचं. उगोयेला लिहिता येत नव्हतं.

'मास्तर, तुम्ही माझ्या भावाच्या लष्करी कंपनीत कारकून होता म्हणून विचारते. लढाई संपून दहा वर्षं झाली, ओबिएक्वेचं प्रेत घरी आलं नाही. प्रेत नसेल तर त्याच्या जागी केळीचा खुंट पुरून अंत्यविधीचं सगळं करता येतं. पण आमचे भाऊबंद म्हणतात, लष्कराच्या कागदावर त्याच्या नावापुढे 'सॅबो' लिहिलंय. शत्रूला फितूर झालेला. तसल्याला ते खुंटसुद्धा पुरू देत नाहीत. आई रोज विचारते. तो तसा नव्हता, एवढी एक ओळ लिहून पाठवा. आम्ही भाऊबंदांसमोर वाचून दाखवू.'

ती एक ओळ मास्तरांनी चार वेळा लिहायला घेतली होती. 'ओबिएक्वे तसा नव्हता' एवढं लिहून झालं की पुढचा प्रश्न त्यांना स्वतःलाच ऐकू यायचा. मग तो शब्द लिहिला कोणी? चारही कागद त्यांनी चुलीत टाकले. पाचव्यांदा बसलेच नाहीत.

यंदाच्या कोरड्या दिवसांत नेनाया नावाची एक मुलगी विद्यापीठातून आली. नायजेरियातून फुटून निघालेल्या बियाफ्राच्या लढाईतल्या सैनिकांचे शब्द ती गोळा करत होती. ओसरीवर बसली, फोन मध्ये ठेवला आणि म्हणाली, "बाबा, मला लढाया नकोत, तारखा नकोत. तुम्ही आपसांत काय बोलायचात, ते सांगा."

मास्तरांना बोलायचा सराव नव्हता. पण शब्द म्हटल्यावर त्यांना राहवलं नाही.

"आजी म्हणायची, आजोबांना विंचरून नेलं," नेनाया म्हणाली. "म्हणजे काय हो?"

"डोक्यातल्या उवा काढतात ना, तसं. लष्कराची गाडी बाजाराच्या दोन्ही वाटा अडवायची आणि सापडेल तो तरुण उचलायची. मला चर्चच्या वाचनालयातून विंचरलं."

"पुस्तकासकट?"

"पुस्तकासकट. सार्जंट म्हणाला, हा बंदूक उलटी धरेल, ह्याला लेखणी द्या."

नेनाया खळखळून हसली. मास्तरही हसले आणि लगेच ओशाळले. मग एकामागून एक शब्द निघाले. सैन्याच्या ताटातलं पातळ सार म्हणजे 'कवायतीचं पाणी'. ज्याच्या दोन्ही पायांत बूट असत, तो शिपाई असला तरी 'ब्रिगेडियर'. बायका जीव मुठीत धरून शत्रूच्या हद्दीतून मीठ आणायच्या, त्याला म्हणायचे 'अटॅकला जाणं'.

"आणि परवलीचा शब्द? तो रोज बदलायचा ना?"

"रोज. दुपारी बाराला."

"ठरवायचं कोण?"

"कॅप्टन. एक हाक, एक जबाब. कागदावर लिहायला बंदी. कारकुनानं चौकी-चौकीवर जाऊन कानात सांगायचा."

"कारकून म्हणजे तुम्हीच की! एखाद दिवशी विसरलात तर हो?"

ती गमतीनं म्हणाली होती. मास्तर उठले, तुझ्यासाठी पाणी आणतो म्हणाले, आणि आत जाऊन रांजणापाशी नुसतेच उभे राहिले. बाहेर आले तेव्हा हातात पाणी नव्हतं.

"आज पुरे, पोरी. राहिलेले शब्द मी लिहून ठेवतो. तू पुढच्या आठवड्यात ये."

लढाईत त्यांच्या कंपनीच्या चौक्या सात होत्या. त्या दिवशीची हाक होती 'उदारा', आपल्याकडे आंबटगोड फळ असतं ते, आणि जबाब होता 'मीठ'. सहा चौक्यांवर शब्द पोचला. सातवी ओढ्यापलीकडे, कसाव्याच्या शेतात. तिथला दुसरा शिपाई तापानं दवाखान्यात होता, म्हणून ओबिएक्वे एकटाच होता. वाटेत मिशनची जळकी शाळा लागायची. अन्यादिकेनं सहज आत डोकावून पाहिलं, तर राखेत एक पुस्तक पडलेलं. मधमाश्या कशा पाळाव्यात ह्याचं. मधमाश्यांशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. पण आठ महिन्यांत छापलेलं पान डोळ्यांना दिसलं नव्हतं. एकच पान वाचू म्हणून तो भिंतीच्या सावलीत बसला. मान वर केली तेव्हा सावली दुसऱ्या बाजूला गेली होती.

अजूनही जाता आलं असतं. ओढा गुडघाभर होता. पण उशीर का झाला हे काय सांगायचं, ह्या विचारानं तो पुढे गेलाच नाही. संध्याकाळी ओबिएक्वे जेवायला तळावर येईलच, तेव्हा वाटेत गाठून सांगू, असं त्यानं मनाशी ठरवलं आणि पुस्तक सदऱ्यात घालून परतला. संध्याकाळी तळावर कॅप्टननं त्याला हजेरीपट लिहायला बसवलं.

ओबिएक्वे त्याला प्रोफेसर म्हणायचा. "ए प्रोफेसर, भुकेवर काय औषध लिहिलंय रे तुझ्या पुस्तकांत?" असं म्हणत भाजलेल्या याम कंदाचा अर्धा तुकडा पुढे करायचा. बहिणीला पाठवायची पत्रं त्याच्याकडूनच लिहून घ्यायचा. "लिही, प्रोफेसर नावाचा एक वाळका माणूस आहे, त्याला माझ्या वाटचं खायला घालतो." पत्राखाली लिहिणाऱ्याचं नावगावही घालायला लावायचा; उगोयेला मास्तरांचं नाव ठाऊक होतं ते अशानं.

दिवेलागणीला तळाच्या तोंडाशी पहारेकऱ्यानं हाक दिली, "उदारा!" पहारेकरी भरती होऊन तीन दिवस झालेलं पोर. ओबिएक्वेनं कालचा जबाब दिला. पुन्हा हाक, पुन्हा तोच जबाब, जरा हसूनच. "अरे, मी आहे!" तिसऱ्या हाकेनंतर गोळी.

कॅप्टन धावत आला. त्यानं विचारलं, "सात नंबरला शब्द दिला होतास?"

"हो, साहेब."

"नक्की?"

"हो, साहेब."

"मग शब्द ठाऊक असून जबाब चुकवतो म्हणजे हा शत्रूला मिळालाय. पलीकडे जाऊन आलाय. लिही, सॅबो."

त्यानं लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं. ओबिएक्वेला तळाबाहेर, बाकीच्यांपासून लांब, एका खड्ड्यात लोटलं. त्यावर कुणी गोळी झाडून मानवंदना दिली नाही.

पुढच्या आठवड्यात नेनाया आली, तेव्हा मास्तरांनी चाळीस शब्दांची यादी तिच्या हातात दिली. तिनं वाचता वाचता विचारलं, "बाबा, 'सॅबो'च्या पुढे अर्थ लिहायचा राहिलाय."

"राहिला नाही. मला लिहवेना."

मग त्यांनी सगळं सांगितलं. पुस्तकाचं, ओढ्याचं, दोनदा म्हटलेल्या 'हो साहेब'चं, उगोयेच्या पत्राचं. फोन चालू होता की बंद, त्यांनी पाहिलं नाही. नेनायानं त्यांची समजूत घातली नाही. तुम्ही तरी किती लहान होता तेव्हा, असंही म्हणाली नाही. तिनं यादीची घडी घातली.

"त्या बाई आहेत अजून?"

"आहे. ऐंशीची झाली. तिच्या गावच्या बायका इथल्या बाजाराला येतात, मी विचारत असतो. आडून आडून." मास्तरांनी मान खाली घातली. "आई वारली. खुंट अजून पुरलेला नाही. पोराचं झाल्याशिवाय माझं करू नका, असं म्हातारी सांगून गेली होती. तिचंही राहिलंय."

"म्हणजे दोघांचं?"

"दोघांचं."

"मग फोन लावा की, बाबा. आत्ता. मी नंबर मिळवते."

"नको गं. फोनवर मी तब्येतीची चौकशी करीन आणि ठेवून देईन. मला मी ओळखतो. आणि तिला भाऊबंदांसमोर वाचायला कागद हवाय. पहिला खोटा कागदही माझ्याच हातचा होता."

नेनाया उठली. पायऱ्या उतरून पुन्हा वळली. "मग माझ्यासमोर बसून लिहा," ती म्हणाली. "मी बोलत नाही. इथंच बसते."

मास्तर लिहायला बसले. पहिल्या कागदावर त्यांनी लढाईचे दिवस किती वाईट होते ते लिहिलं आणि फाडला. दुसऱ्यावर कॅप्टनच्या स्वभावाबद्दल लिहिलं आणि तोही फाडला. नेनाया शेंगा सोलत बसली होती, तिनं वर पाहिलं नाही. तिसरा कागद असा झाला:

'उगोयेताई, तुमचा भाऊ फितूर नव्हता. तो आपल्या चौकीवर होता. त्या दिवशीचा परवलीचा शब्द त्याला पोचवणं माझं काम होतं. मी वाटेत पुस्तक वाचत बसलो, गेलो नाही. त्याला गोळी लागल्यावर कॅप्टननं विचारलं, तेव्हा शब्द दिला होता असं मी खोटं सांगितलं. सॅबो हा शब्द मी माझ्या हातानं लिहिला. तुमचं पत्र मला मिळालं होतं. एक्केचाळीस वर्षं मी उत्तर दिलं नाही. हा कागद सगळ्यांसमोर वाचा, माझं नाव आणि गाव मोठ्यानं वाचा. खुंट पुराल त्या दिवशी बोलावलंत तर येईन आणि बसवाल तिथं बसेन. तो मला त्याच्या वाटचं खायला द्यायचा.'

खाली त्यांनी पूर्ण नाव लिहिलं, वडिलांचं, घराण्याचं आणि गावाचंसुद्धा.

पोस्टात काउंटरवरचा माणूस वारा घेत बसला होता. मास्तरांना पाहून सावरून बसला. शाळेत त्यांच्याकडून पुस्तकं न्यायचा तो.

"मास्तर, पत्र? आजकाल पत्र कोण टाकतं हो? कुणाला लग्नाची मागणी घातलीत काय?"

मास्तरांनी पाकीट पुढे केलं, पण सोडलं नाही.

त्यानं पत्ता वाचला. "ह्या गावाला? तीन आठवडे धरा. त्यापेक्षा स्टँडवर जा, ड्रायव्हरच्या हातात द्या. संध्याकाळपर्यंत पोचेल."

"नको," मास्तर म्हणाले. "तिचं पोस्टानंच आलं होतं."

"बरं. मग सोडा तरी, मास्तर."

मास्तरांनी बोटं उचलली. माणसानं तिकीट चिकटवलं, शिक्का उलटसुलट करून शाई पाहिली, दोनदा ठोकला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.