चार वाजल्यानंतर

आमच्या घरात रोज चार वाजता टेबलावर दोन ग्लास यायचे. बंदरावरच्या धान्याच्या कोठारांत मी यंत्रं दुरुस्त करायचो, तेव्हा पाळी सुटून घरी यायला साडेचार व्हायचे. निवृत्त झालो आणि अर्धा तास अलीकडे सरकलो. पुढे पुढे माझी नजर तीनलाच घड्याळाकडे जायला लागली, पण चारच्या आधी ओतायची नाही हा माझ्या बायकोचा, हेल्वीचा नियम होता आणि मी तो पाळायचो. नियम पाळणारा माणूस बेवडा नसतो, अशी माझी समजूत होती.

सव्वीस वर्षं असं चाललं. हेल्वीच्या आईला पुरून आलो त्या दिवशीही खंड पडला नाही. आमच्यात मारहाण नव्हती, आदळआपट नव्हती. स्वैपाकघरात समोरासमोर बसायचं, हेल्वीने बोलायचं, मी हसायचं. ती गोष्ट फार झकास सांगते. लहानपणी आईने तिला ब्लूबेरींची बादली देऊन स्टेशनवर विकायला पाठवलं, वाटेत अस्वल मागे लागलं, हिने बादली खाली ठेवली आणि झाडामागून अस्वलाचं जेवण होईपर्यंत बघत बसली. घरी येऊन आईला सांगितलं, केसाळ कोटवाल्या एका साहेबांनी सगळी घेतली. ही गोष्ट मी किती वेळा ऐकली असेन देव जाणे. दर वेळी हसायचो. प्यायलेल्या माणसाला काल ऐकलेलं आज नवं असतं.

गेल्या ऑक्टोबरात माझे डोळे पिवळे झाले. पाच दिवस इस्पितळात काढले. तिथली डॉक्टर माझ्या मुलीपेक्षा लहान होती. खुर्ची ओढून पलंगाशी बसली आणि म्हणाली, "रायमो, पुढच्या हिवाळ्यात सरोवरावर मासे धरायला जायचंय ना?"

"जायचंय की."

"मग आजपासून थेंबसुद्धा नाही."

"हळूहळू कमी केली तर?"

"तर नाही जाणार," ती म्हणाली.

घरी आलो तर हेल्वीने सगळ्या बाटल्या मोरीत ओतून टाकल्या होत्या. "मीही सोडली," ती म्हणाली. "तुझ्या नाकासमोर ढोसत बसू का?" एवढ्यावर तिचा विषय संपला. माझे हात नोव्हेंबर अर्धा सरेपर्यंत थरथरत होते, कपातली कॉफी बशीत सांडायची, घामाने उशी भिजायची. तिला काहीच झालं नाही. मला तिचा रागच आला. इतकी वर्षं माझ्या बरोबरीने प्यायली आणि हिला साधी डोकेदुखीही नाही?

सकाळ कशीही निघून जायची. दुपारी बारा वाजता आमच्या चर्चच्या तळघरात दारू सोडणाऱ्यांची बैठक असते, तिथे जायचो. डॉक्टरनेच धाडलं होतं. तिथे बर्निस भेटली. केस कापायचं दुकान चालवते, चौदा वर्षांत थेंब घेतलेला नाही, जीभ कात्रीपेक्षा धारदार. पहिल्या दिवशी तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "पहिले तीन महिने नरक असतो. नंतर त्या नरकाची सवय होते. कॉफी घे, फार वाईट असते आमची."

खरं संकट चारचं होतं. डिसेंबरात आमच्याकडे साडेचारलाच लख्ख दिवे लावावे लागतात. बाहेर उणे पंचवीस, आत मी, आणि दोन हातांचं काय करायचं ते कळत नाही. बटाटे सोलायचो. कुणी खाणार नाही इतके सोलायचो. घरामागच्या सॉनासाठी, आमच्या वाफेच्या न्हाणीसाठी, लाकडं फोडायचो, दोन हिवाळे पुरतील एवढी फोडून ठेवली. तोंडाला पाणी सुटायचं, मग छाती आवळायची, मग वाटायचं की कुणीतरी मेलंय आणि मला सांगितलेलं नाही.

आणि हेल्वी गप्प झाली. दिवसभर नीट असायची, थोडकंच पण बोलायची. चार वाजत आले की इस्त्रीचे कपडे काढायची, नाहीतर डोकं दुखतंय म्हणून आत जाऊन पडायची. मी बर्निसला म्हटलं, "बायको माझ्यावर चिडली आहे. मी तिची मजा घालवली."

"असेल," बर्निस म्हणाली. "माझा नवरा तर मी सोडल्यावर निघूनच गेला. म्हणाला, प्यायलेली होतीस तेव्हा बरी होतीस."

डिसेंबरच्या मध्यावर एका रविवारी मी हट्टाने तिला टेबलाशी बसवलं. वेलदोड्याचा पाव कापला, कॉफी केली. म्हटलं, दारू नाही तर नाही, बोल तरी. ती जरा खुलली. अस्वलाची गोष्ट सांगितली. मी हसलो, मनापासून हसलो, बऱ्याच दिवसांनी. मग मारिताचा फोन आला. मारिता आमची मुलगी, विनिपेगला असते. हेल्वी तिच्याशी बोलली, फोन ठेवला, परत येऊन बसली, पावाचा तुकडा मोडला आणि म्हणाली, "तुला सांगितलं का रे, एकदा आईने मला ब्लूबेरी विकायला पाठवलं होतं..."

मी गंमत समजलो. ती गंमत करत नव्हती. तेच शब्द, तेच थांबणं, साहेबाच्या कोटाशी आल्यावर तेच भुवया उंचावणं. या वेळी मी हसलो नाही, आणि ती मध्येच थांबली. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिचे कान लाल झाले. मग उठून तिने कप विसळायला घेतले.

माझ्या मनात एकच आलं. ही चोरून पितेय.

दुसऱ्या दिवशी बैठकीत बर्निसला सांगितलं. ती म्हणाली, "बायका कपडे धुण्याच्या खोलीत ठेवतात. मी साबणाच्या पावडरीत पुरायचे. नाहीतर बुटांत बघ." हेल्वी शेजारच्या बाईंबरोबर बाजारात गेली तेव्हा मी घर उलटंपालटं केलं. साबणाचा डबा, बूट, पिठाचं पिंप, सॉनाच्या बाकाखालची जागा, सगळं पाहिलं. चोराला चोराच्या जागा ठाऊक असतात, मी एकही सोडली नाही. बाटली मिळाली नाही.

पाककृतींच्या पत्र्याच्या डब्यात चिठ्ठ्या मिळाल्या.

हेल्वीच्या अक्षरात, छोट्या छोट्या. 'मारिता, विनिपेग. शाळेत शिकवते. मुलं नाहीत, विचारायचं नाही.' 'चूल बंद केली का, दोनदा बघ.' 'पावात वेलदोडा शेवटी.' 'निळं घर आपलं. शेजारचं हिरवं.' काही चिठ्ठ्या पिवळ्या पडलेल्या, कडा मऊ झालेल्या. एक तीन वर्षांपूर्वीच्या कॅलेंडराच्या पानामागे लिहिलेली. आणि सगळ्यांत वर, ताजी: 'रायमोने दारू सोडली. आजारी होता. ग्लास काढू नकोस.'

मी टोपीकोटासकट तिथेच जमिनीवर बसलो. ती परत आली तेव्हाही बसलेला होतो. तिने डबा पाहिला. सामानाच्या पिशव्या खाली ठेवल्या, हातमोजे काढले, एकात एक घालून खिशात ठेवले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"नक्की सांगता येत नाही," ती म्हणाली. "तेच तर."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगायचं कधी? सकाळी तू आजारी असायचास. चारनंतर तुला काही कळायचं नाही." रागावून नाही, हवामान सांगावं तसं ती म्हणाली. जरा वेळाने माझ्या शेजारी जमिनीवर बसली, गुडघ्यांना धरून, सावकाश. "खरं सांगू? चारनंतर मला बरं वाटायचं. दिवसभर सांभाळून राहावं लागायचं, दुकानात, फोनवर, सगळीकडे. चार वाजले की तू प्यायलेला. मी एकच गोष्ट तीनदा सांगितली तरी तू तीनदा हसायचास. लपवावं लागायचं नाही. माझा पेला तर बहुतेक तसाच राहायचा. तू जाता जाता तोही संपवायचास."

मी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आता तू रोज शुद्धीत असतोस," ती म्हणाली. "बघत असतोस. मी कुठे जाऊ?"

मंगळवारी मी बैठकीला गेलो नाही. दारूच्या दुकानात गेलो, नेहमीची बाटली घेतली आणि बाहेर गाडीत बसलो. इंजिन चालू होतं, काचेवर आतून बर्फ धरत होतं. टोपणाचं सील तोडलं. माझं साधं गणित होतं. मी प्यालो की तिचं घर तिला परत मिळतं. तिची संध्याकाळ परत मिळते. मला काही दिसत नाही, तिला काही लपवावं लागत नाही. यकृत आहेच किती दिवसांचं. असं एवढं दयाळू कारण मला आयुष्यात सापडलं नव्हतं.

फोन का केला, मला माहीत नाही. सवयीने बोटं चालली असतील.

बर्निस गिऱ्हाइकाच्या डोक्याला रंग लावून तशीच आली. हातांत काळे रबरी मोजे, अंगावर कोट. शेजारच्या सीटवर बसली आणि बाटलीकडे बघितलं. "प्यालास?"

"नाही अजून."

मी सगळं सांगितलं.

"मग शुद्धीत राहू कशाला?" मी म्हटलं. "हे बघायला?"

"हो," ती म्हणाली. "हे बघायलाच."

"याने काय होणार आहे?"

"तिला काही होणार नाही. तू प्यालास तरी ती विसरणार, नाही प्यालास तरी विसरणार. तुला बरं वाटेल असं काही मी बोलू शकत नाही, रायमो. माझ्याकडे नाहीच आहे. पण चूल चालू राहिली तर घरात एक तरी माणूस असा हवा, ज्याला वास येईल." मग बाटली उचलून म्हणाली, "ही मी नेऊ, की तू ओततोस?"

मी ओतली नाही. हात उठले नाहीत. तिने नेली. दार उघडून बर्फात उलटी धरली, आणि तो वास गाडीत शिरला तेव्हा मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडलो. हेल्वीसाठी रडलो असं सांगायला आवडलं असतं. पहिल्यांदा बाटलीसाठी रडलो.

जानेवारीत तपासण्या झाल्या. डॉक्टरने हेल्वीला कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. तिने गोल छान काढला, आकडे सगळे एका बाजूला दाटीने लिहिले, आणि मग पेन्सिल खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. मी नजर फिरवली. नको होती फिरवायला.

परतताना पुलावर ती म्हणाली, "वाईट आहे ना?"

"आहे."

"मारिताला तू सांग. मला जमणार नाही." दिव्याचे खांब मागे जात होते, ती त्यांच्याकडे बघत होती. "एक सांगू? तू परत प्यायला लागलास तर मी काही म्हणणार नाही."

"पिणार नाही."

"मी म्हणणार नाही एवढंच सांगतेय. पण कधी मी विचारलं, तर पीत नाही असंच सांग. खरं असो, खोटं असो. मला तेवढं एक तरी ठीक आहे असं वाटू दे."

"खरंच असेल."

घरासमोर गाडी थांबवली तेव्हा तिने पट्टा सोडला, निळ्या घराकडे पाहिलं आणि विचारलं, "डॉक्टरकडे कधी जायचंय रे आपल्याला?"

"जाऊन आलो."

"काय म्हणाले?"

मी सांगितलं. दुसऱ्यांदा ऐकताना तिचा चेहरा पहिल्या वेळेइतकाच पडला. तेव्हा मला कळलं की खरं बोलायचं ठरवलं तर हे मला रोज तिच्यासमोर नव्याने ठेवावं लागेल, आणि खोटं बोलायचं ठरवलं तर ते लक्षात ठेवायला घरात मी एकटाच आहे.

आता मार्च आहे. बैठकीत मला पाच महिन्यांचा बिल्ला मिळाला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी आभार मानले आणि खाली बसलो. छातीत काहीच हललं नाही. मारिता ईस्टरला येतेय, तिला माहीत आहे. आठवड्यातून तीन सकाळी एक बाई येते, तेवढ्यात मी बाहेरची कामं उरकतो. बाकीचा वेळ मी घरात असतो. हेल्वी कपड्यांच्या घड्या घालते, मोडते, परत घालते. मी समोर बसून मोजे जोडीने लावून तिच्या हातात देतो. माझ्या जिभेला चव नाही, झोप नाही, आणि दुपारभर दारूच्या दुकानाचा एकच विचार डोक्यात घोळतो. मी बाहेर जात नाही. ती घडी घालते, मी पुढचा मोजा शोधतो.