कानसेनांचा शब्द

"चरचर करतंय हो. आणि त्या चरचरीमागे एक शिट्टी. बारीक, सुईसारखी."

गाण्याच्या बाईंनी फोन, त्याला लोंबणारा, आवाज सुधारणारा बोटभर कन्व्हर्टर आणि हेडफोन असा सगळा संसार काउंटरवर मांडला.

"कन्व्हर्टर काढून ऐकलं तर?"

"तर चरचर नाही, पण गाणं गोधडीत गुंडाळल्यासारखं. म्हणून तर क्लासच्या मुलींनी हा भेट दिला."

कानसेन सरसावून बसले. त्यांचं खरं नाव फक्त बायकोला ठाऊक होतं आणि ती जाताना घेऊन गेली. गल्लीच्या तोंडाशी कोणाचा रेडिओ लागला की हे घरात जेवता जेवता सांगत, कुठला भाग निकामी झालाय. एकदा तर जिन्यात शेजारणीचा पाय वाजला, त्यावरून जुळं होणार म्हणाले. जुळंच झालं. तिळं झालं असं सांगणारेही आहेत, पण ते त्या वेळी गावात नव्हते.

हल्ली ते जावयाच्या मोबाइलच्या दुकानात बसत. जावई सज्जन, म्हणून त्याने कालच मऊ आवाजात सांगितलं होतं, "मामा, पुढच्या महिन्यात आवाज तपासायचं मशीन येतंय. मग तुम्ही घरी आराम करा." आराम म्हणजे काय ते कानसेनांना चांगलं कळत होतं. आराम म्हणजे दिवसभर खिडकीत बसणं.

त्यांनी तार उपसून उलटी लावली, मग दुसरी लावली. चरचर तशीच. मग फोनच्या सेटिंगमध्ये शिरले आणि खुदकन हसले.

"बॅटरी सेव्हर कोणी चालू केलं?"

"भाच्याने. चार्जिंग टिकतं म्हणाला."

"बाई, हा कन्व्हर्टर फोनच्याच ताटात जेवतो. काटकसरीच्या नादात फोनने ताट ओढून घेतलं. उपाशी पोटी तो चरचरेल नाही तर काय करेल?"

काउंटरवरची दोन गिऱ्हाइकं हसली. कानसेनांनी सेव्हर बंद केला, फोनचा आवाज पूर्ण चढवला, हेडफोन लावून ऐकलं.

"घ्या. काच पुसल्यासारखं."

बाईंनी ऐकलं. "चरचर गेली! पण शिट्टी आहे अजून."

कानसेनांनी पुन्हा ऐकलं. गाणं संपल्यानंतरची शांतताही ऐकली. "नाही."

"आहे हो. तुम्ही ऐका बरं," म्हणत बाईंनी हेडफोन जावयाकडे दिला.

जावयाने ऐकलं. सासऱ्यांच्या तोंडाकडे पाहिलं, गिऱ्हाइकांकडे पाहिलं. "मला काय कळतंय त्यातलं? मामा म्हणतील ते."

आता सगळे मामांकडे बघत होते.

"बाई, वय काय तुमचं?"

"एकसष्ट."

"मग शिट्टी यंत्रात नाही, कानात आहे. वयाने वाजायला लागतात कान. गाणाऱ्याला आधी कळतं, एवढंच."

हेडफोनची वायर बाईंनी बोटांभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"नक्की?"

"चाळीस वर्षं दुसरं काय केलंय मी?"

बाई गेल्या. गिऱ्हाइकंही पांगली. जावई शोकेस पुसता पुसता म्हणाला, "शिट्टी होती, मामा."

"काय?"

"मलाही आली ऐकू. चांगली ठणठणीत होती. नेटवर्कची लुडबुड असणार. विमान मोड टाकून बघायला हवा होता."

"मग तोंड का शिवलं होतंत, जावईबापू?"

"चारचौघांत तुम्हाला खोटं पाडू?" त्याने पावतीपुस्तक पुढे सरकवलं. "बाईंचा नंबर आहे. सांगून टाका."

विमान मोडची युक्ती याच दुकानात निदान शंभर जणांना कानसेनांनीच शिकवली होती. आज ती सुचलीच नाही, कारण त्यांच्या लेखी शिट्टी नव्हतीच. नंबर लावायला त्यांना दोन दिवस लागले.

"बरं झालं तुम्ही फोन केलात," बाईच आधी बोलल्या. "मलाच करायचा होता. क्लास बंद केला मी."

"बंद?"

"मुलींचा सूर चुकतोय की माझे कान, हेच कळेना. कालपासून प्रत्येकीत मला ती शिट्टी ऐकू यायला लागली. असं शिकवणं म्हणजे फसवणूकच. बाकीचे तोंडदेखलं बोलतात, तुम्ही स्पष्ट सांगितलंत. उपकार झाले."

कानसेनांनी तोंड उघडलं. समोर एक गिऱ्हाईक हेडफोन घेऊन उभं होतं. जावई बघत होता. म्हणायचं ते एवढंच होतं, की कान तुमचे नाहीत, माझे गेलेत.

"सांभाळा तब्येत," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

"सांगितलंत ना?"

"सांगितलं."

जावयाचा चेहरा उजळला. त्याने गिऱ्हाइकाच्या हातातला हेडफोन सासऱ्यांसमोर ठेवला, पंखा बंद केला आणि सगळ्यांना हाताने गप्प केलं.

"थांबा हं जरा. मामा ऐकतायत."

दुकान चिडीचूप झालं. कानसेनांनी डोळे मिटले. आवाज अगदी स्वच्छ होता. हल्ली त्यांना सगळंच स्वच्छ ऐकू येत असे.