आपल्या सुरक्षिततेसाठी मागचं गेट बंद

मी सेक्रेटरी झाल्यापासून आमच्या सोसायटीत एकही चोरी झालेली नाही. त्याआधीही झाली नव्हती, असं मीना म्हणते. पण नवऱ्याच्या कामाचं कौतुक बायकोने करायचं असतं, हे तिला कोणी शिकवलेलंच नाही. घणसोलीत, तळवली गावाला पाठ लावून आमच्या तीन बिल्डिंगा उभ्या आहेत. पुढच्या गेटवर बाबासो नावाचा वॉचमन, त्याच्या हातात टॅब, आणि टॅबमध्ये मी स्वतः निवडून आणलेलं ॲप. ज्याचं नाव ॲपमध्ये तो आत, बाकीचे बाहेर. नाव घालायचं तर आधार कार्ड, पोलीस पडताळणी आणि पत्त्याचा पुरावा. मागच्या गेटमधून फक्त कचरा जातो, पण तिथेही कॅमेरा आहे. अनोळखी माणूस दिसला की इशारा थेट माझ्या फोनवर येतो.

या नियमात पहिली अडकली धोंडूबाई. तळवलीची मासळीवाली. बारा वर्षं बुधवार, शुक्रवार, रविवार तिची टोपली आमच्या दारात उतरायची. फॉर्मवर सेक्टर आणि प्लॉट नंबर लिहायचा होता.

"आमचं घर तुमच्या सेक्टरच्या आधीचं हाय," ती म्हणाली. "ही बिल्डिंग हाय ना, इथं आमचं भात व्हायचं."

मी म्हटलं, असेल, पण कागद दाखवा. कागद नव्हता. मी तिला समजावून सांगितलं की यात व्यक्तिगत काही नाही, आणि नोटीस लावली: 'आपल्या सुरक्षिततेसाठी अनोळखी विक्रेत्यांना प्रवेश नाही.' तिच्याऐवजी एका कंपनीची मासळी मंजूर करून घेतली. प्लास्टिकचा डबा, त्यावर तारीख, बारकोड, सगळं व्यवस्थित. मीना मालवणची. तिने डबा उघडून पाहिला.

"याला डोळेच नाहीत," ती म्हणाली. "ताजं आहे का, हे विचारायचं कोणाला?"

मीनाला इन्सुलिन लागतं. साखर वाढली तर निभावून नेता येतं, पण कधीकधी ती झरकन खाली येते, आणि तेव्हा तिचं तिला काहीच कळत नाही. दंडावर रुपयाएवढा सेन्सर चिकटवलेला असतो. सेन्सरच्या कंपनीचं ॲप साखर दाखवतं, पण आपण होऊन विचारलं तरच. म्हणून आमच्या पार्थने तिच्या फोनवर दुसरं ॲप घालून दिलं. नाशिकच्या एका बापाने आपल्या मुलीसाठी बनवलेलं, फुकट, फोनच्या दुकानात न मिळणारं. साखर सत्तरच्या खाली गेली की आम्हा दोघांच्या फोनवर पार्थचाच आवाज येतो: "आई, साखर खा." ती खाईपर्यंत तो थांबत नाही. हट्टीपणात आईवर गेलाय.

मंगळवारी संध्याकाळी मी मीनाच्या फोनला अपडेट दिलं. जुनं काही मला बघवत नाही. फोन पुन्हा सुरू झाला आणि त्यावर पाटी आली: 'अनोळखी निर्मात्याचं ॲप आढळलं. आपल्या सुरक्षिततेसाठी ते काढून टाका.' मला मनापासून बरं वाटलं. जगात कोणीतरी आपल्यासारखा विचार करतंय. मी 'काढून टाका' दाबलं.

पार्थला फोन केला तेव्हा तो बंगळुरूत जेवत होता. ताट बाजूला सारल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "बाबा, ते आईचं ॲप होतं."

त्याने सांगितलं तसं मी पुन्हा घालायला बसलो. सेटिंगमध्ये जा, तिथून आणखी आत जा, एका नंबरवर सात वेळा बोट मारा. सगळं केलं. शेवटी फोन म्हणाला, 'चोवीस तास थांबा आणि नीट विचार करा.'

"फोन कोणाचा आहे?" मीनाने विचारलं.

"अगं, तुझ्या भल्यासाठीच आहे ते. तो नाशिकचा माणूस कोण, कुठला, फोनच्या कंपनीला माहीत नाही ना."

"मला माहीत आहे. मी बोललेय त्याच्याशी. त्याच्या मुलीचं नाव क्षिप्रा, नववीत आहे." ती उठली. "तुम्हाला आणि तुमच्या कंपनीला ओळखीचं कोण आहे हो?"

चोवीस तासांचाच तर प्रश्न होता. दर दोन तासांनी आपण होऊन साखर बघायची, असं ठरलं.

बुधवारी सकाळी मी सोसायटीच्या ऑफिसात नवी नोटीस छापून घेत होतो. मागच्या गेटला नवं कुलूप लावायचं होतं. त्याची जुनी किल्ली खतखड्डा समितीकडे होती, समितीची अध्यक्ष मीना, आणि बाकीचे सदस्य मला तरी कधी दिसले नव्हते. तेवढ्यात फोन वाजला. सोमवारीच बसवलेल्या कॅमेऱ्याचा पहिला इशारा: मागच्या गेटवर अनोळखी व्यक्ती. फोटोत लुगडं, टोपली आणि धोंडूबाई. म्हणजे इतके दिवस असं चाललं होतं. आज दोघींना रंगेहाथ पकडायचं म्हणून मी लिफ्टचीही वाट न बघता तिसरा मजला चढलो.

दार उघडंच होतं. टोपली उंबऱ्यावर. मीना जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती, घामाने भिजलेली, नजर कुठेतरी भलतीकडे. धोंडूबाईच्या मांडीवर आमचा साखरेचा डबा होता. ती पाण्यात साखर कालवून चमच्याचमच्याने मीनाला पाजत होती.

"गिल बाय, गिल. सांडू नको." मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "बाय पाव तास भाव केल्याबिगर पापलेटला हात लावत नाय. आज म्हनली, दे जे असंल ते. तवाच मना कललं, हिचं कायतरी बिगारलंय."

नोटिशीचा कागद अजून हातातच होता. मी घाबरलो होतो, इतका की साखर किती झाली हे बघायचंही मला सुचलं नाही. ते बघायलाही धोंडूबाईनेच सांगितलं. थोड्या वेळाने मीनाने डोळे नीट उघडले, टोपलीकडे पाहिलं आणि पापलेटचा भाव विचारला. भाव ऐकून ती म्हणाली, "काहीही सांगतेस." मग मला रडू आलं.

संध्याकाळी फोनचे चोवीस तास संपले. त्याचा शेवटचा प्रश्न होता, 'हे ॲप घालण्यासाठी तुमच्यावर कोणी दबाव आणत आहे का?' मी मागे पाहिलं. मीना कमरेवर हात ठेवून उभी होती. मी 'नाही' दाबलं.

शुक्रवारी मी स्वतः पुढच्या गेटवर गेलो. धोंडूबाई बाहेर उभी होती.

"यांना सोड," मी बाबासोला सांगितलं.

त्याने टॅब पाहिला. "ॲपात नाव न्हाई, सायेब."

"मी ओळखतो यांना. मी सांगतोय ना, सेक्रेटरी."

"सेक्रेटरीची वळख चालनार न्हाई, असं तुमीच लिवून घेतलंया." त्याने मला कलमही दाखवलं. भाषा उत्तम होती, माझीच.

मी धोंडूबाईला म्हटलं, चला. टोपली मी घेतली. ती नको नको म्हणत होती, पण मी सोडली नाही. पाणी पँटवर ठिबकत होतं. कंपाउंडला वळसा घालून आम्ही मागच्या गेटला आलो. मीनाकडून मागून आणलेली किल्ली मी कुलपात फिरवली आणि मान खाली घालून आत शिरलो.

खिशात फोन वाजला. एका हाताने काढून पाहिला. टोपली घेतलेला मी आणि माझ्यामागे धोंडूबाई, असा फोटो होता. खाली लिहिलं होतं: 'अनोळखी व्यक्ती: दोन. आपल्या सुरक्षिततेसाठी रक्षक पाठवा.' 'राहू द्या' असं बटण मी शोधलं. ॲप निवडताना ते मीच नको म्हटलं होतं.