ठाकूरच्या थडग्यावरचं नाव

"बोलो व्हिक्टरभाय, रिपोर्ट क्या है?" चंद्रप्रकाशने विचारलं आणि माझ्या हातात सिगरेट ठेवली.

शुक्रवारचा पहिला खेळ होता, मध्यंतर झालं होतं. अंधेरीच्या आमच्या थिएटरात तेव्हा तशीच पद्धत होती. नवा सिनेमा लागला की निर्मात्याचा माणूस पहिल्या मध्यंतराला कँटीनपाशी येऊन उभा राहायचा. पब्लिकला तो काही विचारायचा नाही, कारण सफारी घातलेल्या माणसाला पब्लिक खरं सांगत नाही. तो डोअरकीपरला विचारायचा. अंधारात कोण हसलं, कोण झोपलं, मुतारीत कोण काय बोललं, हे डोअरकीपरला ठाऊक असतं. आमचा रिपोर्ट संध्याकाळपर्यंत वितरकाच्या ऑफिसात पोचायचा, आणि सिनेमा दुसरा आठवडा बघणार की नाही ते बरंचसं त्यावर ठरायचं.

"बंडल," मी म्हणालो.

"पूरा बंडल?"

"पब्लिक हसतेय. भुताच्या सिनेमात हसतेय."

त्याचा चेहरा पडला. तो तसा पडलेला बघायला मी वर्षभर थांबलो होतो. नाव त्याने कँटीनवर विचारून घेतलं होतं, पण मला ओळखलं नव्हतं. युनिफॉर्ममधल्या माणसाचा चेहरा कोण लक्षात ठेवतो?

सिनेमाचं नाव मी लिहिणार नाही. तेवढीसुद्धा जाहिरात माझ्या हातून व्हायला नको. परदेशातल्या एका रक्त पिणाऱ्या सरदाराच्या सिनेमाची ती हिंदी नक्कल होती. आपल्याकडे आणताना सरदाराचा ठाकूर केला. काळा झगा तसाच ठेवला, सुळे तसेच ठेवले आणि थडग्यातून उठणंही तसंच ठेवलं.

कँटीनपुढे गर्दी होती. एक चष्मेवाला हातातला वडा हलवत सांगत होता, "इंग्लिश मी फोर्टात बघितलाय. त्यात तो नुसता जिना उतरतो तरी आपली फाटते. हा जिना उतरला तर वाटतं, दूधवाला आला."

"पण गाणं झकास आहे यार."

"गाण्यात भूत कुठंय?"

"म्हणून तर झकास आहे."

"मला तर बाई भीती वाटली," एक बाई म्हणाली.

"तुला काय, तुला माझ्या सासूबाईंचीपण वाटते," तिची मैत्रीण म्हणाली.

कँटीनवाला दशरथ कणकवलीकडचा. चहा गाळता गाळता त्याने मला जवळ बोलावलं. "रे व्हिक्टर, माका एक सांग. ठाकूर मेलो तर तेका जाळूचो ना? पुरलो कित्याक?"

"ते त्या सफारीवाल्याला विचार," मी म्हणालो.

ॲग्नेस माझी बायको. कावीळ झाली आणि इस्टरनंतर तीन आठवड्यांत गेली. आमचं गावठण मरोळच्या बाजूला, कब्रस्तान टेकडीच्या पायथ्याशी. संगमरवराची थडगी तिला आवडत नसत. बाथरूमसारखी दिसतात म्हणायची. म्हणून मी लाकडाचा क्रूस केला. आमच्या पलंगाच्या सागवानी पाट्या काढल्या, रंधा मारला आणि स्वतः जोडला. त्या पलंगावर मला आता झोप येत नव्हतीच. आडव्या पाटीवर पांढऱ्या रंगाने नाव लिहिलं, ॲग्नेस. मराठीत लिहिलं, कारण तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं. पुढे आडनाव नाही की तारखा नाहीत. तारखा मला पाठ होत्या आणि बाकी कुणाला त्यांचं काम नव्हतं.

दोन नोव्हेंबरला मृतांचा दिवस असतो. त्या दिवशी आमच्यात सगळे कब्रस्तानात जातात, थडगी साफ करतात, झेंडू घालतात, मेणबत्त्या लावतात. मीही गेलो. ॲग्नेसच्या जागी नुसती तुडवलेली माती होती. क्रूस सापडला तो पार कुंपणाच्या भिंतीपाशी, जिथे कुणालाच पुरलेलं नाही अशा जागी खोचलेला. त्यावर लाल रंगाचे शिंतोडे उडाले होते. खाली सिगरेटची थोटकं पडली होती.

कबरी खणणारा जॉनी खाली मान घालून उभा होता. त्याने सांगितलं ते असं. शूटिंगवाले आले होते. परवानगी भिंतीबाहेरची होती. भर दुपारी कॅमेऱ्याला निळी काच लावून ते रात्र करत होते. त्यांनी आणलेला प्लास्टरचा क्रूस मोडला. मग त्यांचा माणूस भिंतीवरून आत आला, त्याला ॲग्नेसचा आवडला, आणि त्याने तो उपटून नेला. बाहेर खणलेल्या खड्ड्याच्या डोक्याशी तो लावून त्यातून भूत वर काढलं. जाताना आणून कुठंतरी खोचला.

"मी जेवायला गेलो होतो, व्हिक्टर," जॉनी म्हणाला. "देवाशपथ."

जॉनीवर माझा राग नव्हता. मी सांताक्रूझला त्यांच्या ऑफिसात गेलो. क्रूस उपटणारा माणूस म्हणजे हा चंद्रप्रकाश. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं, खुर्चीवर मागे रेलला आणि म्हणाला, "चाचा, लकडी ही तो है. वापस लगा दिया ना? और सोचो, आपकी मिसेस पिक्चर में आ गयी."

ऑफिसातले सगळे हसले. मी जिना उतरलो. त्या दिवसापासून मला एकच पाहिजे होतं. हा सिनेमा पडावा, आणि पडताना तो माणूस मला दिसावा. देवाला मी तसं सांगितलंही. चर्चमध्ये गुडघ्यावर बसून असलं मागू नये हे मला कळतं. तरी मागितलं.

सिनेमा आमच्याच थिएटरला लागला तेव्हा मला वाटलं, ऐकलं त्याने.

पहिल्या खेळाला मी स्टॉलच्या दारात उभा होतो. तो सीन आला. निळी रात्र, धूर, आणि पडद्यावर खालच्या बाजूला ॲग्नेसचा क्रूस. माझ्या हातची अक्षरं वीतवीतभर मोठी झाली होती. 'ॲ'वरचा चंद्र जरा तिरका गेला होता, तोही दिसला. माती हलली. सगळं थिएटर गप्प होतं. लोक घाबरले होते. आयुष्यात जिने मांजरावर हात उगारला नाही तिच्या नावाला लोक घाबरत होते.

ठाकूरचा हात वर आला तसा मी अंधारातून ओरडलो, "काय ठाकूर, बाप्तिस्मा कधी घेतलास?"

क्षणभर काही झालं नाही. मग तिसऱ्या रांगेत कुणीतरी फुसकन हसलं. मग त्याच्या शेजारचा हसला. मग सगळा स्टॉल आणि वरची बाल्कनीसुद्धा. ठाकूर सुळे दाखवत उभा राहिला तर लोक पोट धरून वाकले. पुढे नायिकेच्या काकाने त्रिशूळ काढला तेव्हा एकाने आवाज टाकला, "अरे त्याला क्रूस दाखव, त्रिशुळाने चुकीचा माणूस मरेल!" पुन्हा हशा. चंद्रप्रकाशला दिलेला रिपोर्ट खरा होता. पब्लिक हसत होती. हसवलं मी होतं.

शनिवारी आणि रविवारी प्रत्येक खेळाला मी तेच केलं. भुताच्या सिनेमाला शिव्या दिल्या तर तो मरत नाही, हसलं की मरतो, असा माझा अनुभव होता. सोमवारी मला ओरडावंच लागलं नाही. पब्लिक आपणहून ओरडली. मी दारात उभा राहून मनात म्हणालो, ॲग्नेस, बघ, गाडतो आता यांना.

मंगळवारी बाहेर हाउसफुल्लचा बोर्ड लागला.

मला वाटलं चुकून लागला असेल. तिकीट खिडकीपुढची रांग फाटकाबाहेर गेली होती. रांगेत एक पोरगा दुसऱ्याला सांगत होता, "एकदम बंडल आहे रे."

"मग कशाला आलास?"

"इतका बंडल आहे की तिसऱ्यांदा आलोय. हसून हसून वाट लागते. घाटकोपरला पण पब्लिक तेच ओरडते, बाप्तिस्मा कधी घेतलास म्हणून. पण अंधेरीला मजा जास्त."

संध्याकाळी चंद्रप्रकाश पेढे घेऊन आला. "व्हिक्टरभाय, आपका रिपोर्ट गलत निकला! अरे, हंसने दो ना. टिकट लेके हंस रहे हैं!" त्याने स्वतःच्या हाताने माझ्या तोंडात पेढा कोंबला. थुंकता येत नव्हतं. मी तो चावून गिळला.

सोमवारपासून पब्लिकने आणखी एक गोष्ट शोधली होती. क्रूसावरचं नाव. ॲग्नेस म्हणजे ठाकूरची कोणीतरी, असं त्यांनी ठरवून टाकलं. सीन आला की शिट्ट्या सुरू. "ॲग्नेस, सोड गं त्याला, ऑफिसला उशीर होतोय!" "ए ॲग्नेस, सरक, हवा येऊ दे!" आणि काही असलं की जे मी लिहू शकत नाही. चार खेळ, चार वेळा. मी पेटवलेलं आता माझ्याच घराला लागलं होतं.

बुधवारी मॅटिनी सुटली तेव्हा गर्दी ओसरल्यावर दारात मॉनिका उभी होती. ॲग्नेसची धाकटी बहीण. ती सिनेमाला कधी येत नाही. हातात अर्धं तिकीट होतं.

"तू?" मी म्हणालो.

"खरं की खोटं ते बघायला आले. आई दोन दिवस चर्चला गेली नाय, ठाऊक आहे तुला?"

"नाय."

"गल्लीतली पोरं तिला ठाकूरची सासू म्हणतात. तोंडावर. ती पहिल्यांदा हसली. तिला वाटलं काहीतरी नाटकातलं असेल. मग कुणीतरी समजावून सांगितलं." मॉनिकाने तिकिटाची घडी घातली, पुन्हा घातली. "तू दारावर असतोस ना रे? तुझ्या कानावर पडत नाय?"

"पडतं."

"मग?"

तिला सगळं सांगावंसं वाटलं, पण सांगून काय झालं असतं?

"आमच्या ॲग्नेसचं नाव घेऊन शिट्ट्या मारतात, आणि तू टॉर्च घेऊन त्यांना जागा दाखवतोस," ती म्हणाली आणि निघून गेली.

मी वर ऑपरेटर धोंडूकडे गेलो. म्हटलं, "तेवढा तुकडा काप."

धोंडू माझ्या जुन्या ओळखीचा. ॲग्नेसच्या हातचं डुकराचं विंदालू त्याने घरच्यांपासून लपवून खाल्लेलं. त्याने मशीनवरचा हात काढला नाही. "व्हिक्टर, दुसरा कुठलाही सीन सांग, आत्ता कापतो. हा कापला तर पब्लिक खुर्च्या फाडेल. लोक आता हाच बघायला येतात बाबा."

गुरुवारी संध्याकाळच्या खेळाला चंद्रप्रकाश पाहुण्यांना घेऊन बाल्कनीत बसला होता. दुसरा आठवडा पक्का झाला होता. मी पांढरा शर्ट इस्त्री करून घातला होता. युनिफॉर्मच तो, पण त्या दिवशी कॉलरसुद्धा नीट दाबली होती. सीन जवळ आला तसा मी भिंतीच्या कडेकडेने पुढे गेलो. आमच्या पडद्यापुढे लाकडी स्टेज होतं. बाजूच्या पायऱ्या चढलो आणि नाव जिथे येतं तिथे, पडद्याला पाठ लावून उभा राहिलो.

प्रकाश थेट डोळ्यांत आला. समोरचं काही दिसेना, नुसते आवाज.

"ए, बाजूला हो!"

"टॉर्चवाल्याचं डोकं फिरलं काय रे?"

"ठाकूर, हा बघ तुझा सासरा आला!"

हशा झाला. शेंगांची टरफलं अंगावर आली. माझ्या गुडघ्याला काहीतरी कडक लागलं, बहुतेक कुणाचीतरी चप्पल असेल. मी हललो नाही. वरून चंद्रप्रकाशचा आवाज ऐकू आला, "अरे कौन है ये? उतारो उसको!"

"वर्षापूर्वी तुझ्या ऑफिसात आलो होतो तो," मी म्हणालो. सिनेमाच्या वाद्यांत त्याला ते ऐकू गेलं नसणार. मग मी खालच्या रांगांकडे बघून बोललो. ओरडलो नाही. "हे माझ्या बायकोचं नाव आहे. तिच्या कबरीवरून उपटून आणलंय."

पुढच्या रांगेत एकाने शिट्टीसाठी तोंडात बोटं घातली होती. ती त्याने काढली आणि शर्टाला पुसली. त्याने शेजाऱ्याच्या कानात काही सांगितलं. मागे अजून आरडाओरड चालूच होती, "हटाव, हटाव," पण पहिल्या दोन रांगा बसल्या जागी गप्प झाल्या.

मॅनेजर बाजूच्या दारातून पळत येत होता. नोकरी गेली हे मला कळून चुकलं होतं. पाठीमागे ठाकूर वर येत असणार, त्याचा निळा हात माझ्या खांद्यावरून गेला. मी खाली बघितलं. माझ्या शर्टावर तिचं नाव पडलं होतं, छातीभर, मला उलटं दिसत होतं. श्वास घेतला की अक्षरं जराशी हलत होती. मी हळू श्वास घेतला.

मग सीन बदलला, आणि शर्ट पुन्हा नुसता पांढरा झाला.