वाट दिलेलं काम

ताईने पडद्यावरची चालू कामांची यादी वर सरकवली आणि धाकट्या बहिणीचं नाव शोधलं. सापडलं. धाकटीच्या नकाशाचं गणित अजून सुरूच होतं.

मोठा संगणक एकच, आणि त्यावर अख्ख्या कार्यालयाची कामं. पुराचा नकाशा जिचा आधी तयार होईल, तिच्याकडे नवा विभाग, असं साहेबांनी दोघींना सांगून ठेवलेलं. ताईचं गणित मात्र सकाळपासून गोगलगायीला लाजवत होतं.

"तोंड का पाडलंय एवढं?" शेजारचा छपाईवाला हसला. "तिला शिकवलंत तुम्हीच ना?"

"शिकवलं. डोक्यावर बसायला नव्हतं शिकवलं."

लहानपणापासून हेच. पाढे ताईने धाकटीकडून घोकून घ्यायचे, आणि पाहुण्यांपुढे म्हणून दाखवून शाबासकी तिने न्यायची.

संगणकाची देखभाल ताईकडे होती; कुणाचंही काम थांबवायची मुभा तिला होती. तिने 'किल' ही काम थांबवायची आज्ञा लिहिली, पुढे धाकटीच्या कामाचा क्रमांक टाकला. क्रमांक एकदा पडताळून पाहिला. मग तिने बटण दाबलंच. काम थांबलं, कालपासूनचं गणित पाण्यात गेलं.

तरी ताईचं काम तसूभर पुढे सरकेना.

आता तिने मघाचीच यादी नीट वाचली. सगळ्यांत वर तिचं स्वतःचंच नाव होतं, एकाखाली एक, तीनदा. कालचे प्रयोग बंद करायचे राहून गेले होते. तेच संगणकाची सगळी ताकद खात होते. धाकटीची ओळ पार तळाला होती. तिथे 'नाइस'च्या रकान्यात एकोणीस. हा आकडा जितका मोठा, तितकं ते काम मागे थांबून इतरांना वाट देतं, आणि याहून मोठा आकडा नसतो. तो आपोआप लागत नाही. काम लावणाऱ्याला तो मुद्दाम द्यावा लागतो.

"ताई," धाकटी दारातूनच म्हणाली, "माझं बंद पडलं गं."

धाकटी जवळ आली.

"तुझं तरी होईल ना वेळेत?" तिने विचारलं. "पण असं मध्येच कसं पडलं? आपोआप, की कुणी थांबवलं? कळतं का गं ते?"

"कळतं," ताई म्हणाली. तिने मघाची 'किल'ची ओळ पडद्यावर आणली, आपली खुर्ची मागे ओढली आणि पडदा धाकटीकडे वळवला.